पाटाकडेची ई-सायकल: प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर २०२५

गरज आधी लिहून ठेवते, म्हणजे दुकानात गेल्यावर ती बदलणार नाही. आमचे हे दर रविवारी साधी गिअरची सायकल घेऊन इथे फलटणला नीरा उजव्या कालव्याच्या भरावावरून फिरून येतात. कधी गिरवी गावाच्या बाजूला, महादेव डोंगराच्या पायथ्यापर्यंत. मला बरोबर जायचं आहे. सपाटीवर मी मागे पडत नाही, पण चढ लागला की उजवा गुडघा कुरकुरतो. म्हणजे मला वेग नको, चढाला मोटरचा हात हवा. शर्यत नाही, उड्या नाहीत, दगडांवरची कसरत नाही. मुरुमाचे कच्चे रस्ते, शेतातल्या वाटा, मधूनमधून चढ.

बजेट ४५ हजार, हेल्मेट आणि पंपासकट.

भाऊजींचं म्हणणं, "वहिनी, त्यात अजून थोडे घाला, इलेक्ट्रिक स्कूटर येईल." त्यांना चहा दिला.

५ नोव्हेंबर

अकरावीच्या पोरांना कार्य आणि शक्ती शिकवते, तर स्वतःसाठीही एकदा मांडून बघितलं. मी ६१ किलो, सायकल २३ धरली, पाणी-सामान ३. एकूण ८७. आठ टक्क्यांचा चढ, म्हणजे शंभर मीटर जाताना आठ मीटर वर. मुरुमावर चाकाचं घर्षणही डांबरापेक्षा जास्त. ताशी ९ किलोमीटरने चढायचं तर चाकापाशी सुमारे २१० वॅट लागतात. माझे पाय दम न लागता ८०–८५ वॅट देतात असं धरू. तेवढ्यात तोच चढ ताशी साडेतीन किलोमीटरने होतो, म्हणजे चालण्यापेक्षाही हळू. उरलेले सव्वाशे वॅट मोटरने द्यायचे. २५० वॅटची मोटर त्याला पुरून उरते.

आता बॅटरी. गिरवीकडची फेरी जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर, चढ सगळा मिळून अडीचशे मीटरच्या आसपास. चढ, घर्षण आणि हवा मिळून साधारण २५० वॅट-तास. अर्धं काम माझं. उरलेल्या अर्ध्यासाठी मोटरमधली गळती धरून बॅटरीतून १८० वॅट-तास निघतील. ३६ व्होल्ट ५.८ अँपिअर-तासाची बॅटरी २०९ वॅट-तासांची; नवी असताना जेमतेम पुरेल, दोन वर्षांनी नाही. ३६ व्होल्ट ७.८ म्हणजे २८१. ती पुरे. त्याहून मोठी बॅटरी म्हणजे न लागणारं वजन विकत घेणं.

जाहिरातीतला 'एका चार्जमध्ये ७० किलोमीटर' हा आकडा सपाट रस्ता, सगळ्यात कमी मदत आणि भरपूर पेडल मारणारा माणूस धरून काढलेला असतो. वॅट-तास विचारायचे, किलोमीटर नाही.

९ नोव्हेंबर

कायद्याची बाजू. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची अर्ध्या तासाची शक्ती पाव किलोवॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरीशिवाय वजन ६० किलोपर्यंत असेल तर ते वाहन मोटार वाहनात मोडत नाही. नोंदणी नको, लायसन नको. ऑनलाइन ५०० आणि ७५० वॅटच्या जाडजूड टायरच्या 'सायकली' बिनधास्त विकल्या जातात, त्यांच्याकडे बघायचंच नाही. चार इंची टायर वाळूला आणि बर्फाला ठीक. आमच्याकडे ना वाळू ना बर्फ, आणि तीस किलोच्या पुढचं ते धूड बॅटरी संपल्यावर कोण ढकलणार?

जाता जाता: फलटणला विजेची सायकल म्हणजे काही परदेशी नवल नाही. इथल्याच निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी १९९०च्या दशकात विजेवर चालणारी सायकलरिक्षा तयार केली होती, 'इलेक्शा'. तेव्हा लेड-ॲसिड बॅटऱ्या होत्या. तीच बॅटरी आज सायकलवर घातली असती तर २८० वॅट-तासांसाठी आठ-दहा किलो वजन मागे लागलं असतं. आता अडीच किलोत भागतं.

१६ नोव्हेंबर

पुण्याला दुकानं फिरलो. हीरो लेक्ट्रो, पुण्याचीच ईमोटोरॅड, डेकॅथलॉनची रॉकरायडर ई-एसटी१०० असं सगळं पाहिलं. शेवटची सगळ्यांत ट्रेलच्या, म्हणजे कच्च्या वाटांच्या, कामाची वाटली: ३८० वॅट-तास बॅटरी, ४२ न्यूटन-मीटर टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर). पण ती बजेटच्या बरीच बाहेर.

खरी अडचण भलतीकडेच निघाली. माझी उंची १५५ सेंटिमीटर, आणि पायाचं आतलं माप (भिंतीला टेकून, पुस्तक वर लावून घेतलेलं) ७१. या किमतीतल्या बहुतेक सायकली एकाच मापाच्या फ्रेममध्ये येतात आणि ते माप पाच फूट आठच्या पुरुषाचं असतं. साडेसत्तावीस इंची चाकं, वरचा दांडा ७६–७७ सेंटिमीटरवर. डांबरावर थांबताना एका बाजूला कलून चालवून नेता येईल. मुरुमाच्या उतारावर, एक पाय खड्ड्यात, तेवीस किलोची सायकल कलायला लागली तर मी तिला धरणार की ती मला?

विक्रेत्याला सांगितलं तर म्हणाला, "मॅडम, सीट खाली होते ना." सीट खाली होते, दांडा होत नाही. आणि सीट खाली केली की गुडघा जास्त मुडपतो. ज्या गुडघ्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याचीच वाट लागते. सीटची उंची पायाच्या मापाच्या ०.८८३ पट, हा सायकलवाल्यांचा जुना हिशेब. माझ्यासाठी पेडलच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या वरच्या टोकापर्यंत पावणेत्रेसष्ट सेंटिमीटर. टेप पर्समध्ये ठेवला होता तो बरा.

आजपासून यादीची पहिली चाळणी: दांडा ७० सेंटिमीटरच्या खाली. मोटर, बॅटरी, डिस्प्ले सगळं त्याच्यानंतर. यादी एका फटक्यात चौथाईवर आली.

एक युक्ती लिहून ठेवते. दुकानासमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर सगळ्याच ई-सायकली छान वाटतात. एका दुकानाखाली पार्किंगचा उतार होता. तिथं चढावर थांबून पुन्हा सुरुवात करायला मागितली. स्वस्त सायकलींत पेडल फिरतंय की नाही एवढंच ओळखणारा सेन्सर असतो. पेडल अर्धा-पाऊण फेरा फिरेपर्यंत मोटर गप्प, आणि मग एकदम ढकलते. टॉर्क सेन्सर असेल तर पायाचा दाब ओळखून मोटर त्या प्रमाणात साथ देते; ट्रेलवर हा फरक फार मोठा आहे. पण ४५ हजारांत, माझ्या मापात, टॉर्क सेन्सर मिळाला नाही. तर निदान ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे लिव्हर आणि एक छोटा थ्रॉटल (पेडल न मारता मोटर चालवायचा खटका) हवा. चढावर सुटताना थ्रॉटलला जरा स्पर्श करायचा, चाक हललं की पेडल.

२१ नोव्हेंबर

देवदिवाळी. रामाचा रथ, गावात पाय ठेवायला जागा नाही. काम शून्य.

२४ नोव्हेंबर

किटचा पर्याय तपासला. माझ्या जुन्या लेडीज सायकलला मागच्या चाकात मोटर बसवायची. पैसे वाचतात, दांड्याचा प्रश्नही मिटतो. पण तिला डिस्क ब्रेक नाहीत, टायर बोटाएवढे आणि फ्रेमचं लोखंड पंधरा वर्षं जुनं. मोटरच्या चाकाचा आस चपटा असतो आणि जोर लावताना तो फ्रेमच्या खाचेत फिरायला बघतो. जुन्या खाचा त्याला टिकतील याची खात्री नाही.

टोंगशेंग कंपनीची पेडलच्या आसाच्या जागी बसणारी मोटर फार आवडली. तिच्यात टॉर्क सेन्सर आहे, आणि ताकद साखळीतून जात असल्याने सायकलचे गिअर मोटरलाही उपयोगी पडतात. चाकातल्या मोटरला तो फायदा नाही. चढावर चाक मंद फिरलं की ती विजेची उष्णताच जास्त करते. पण चांगली छोटी सायकल अधिक ही मोटर अधिक बॅटरी, बेरीज हाताबाहेर. सोडलं. (मनातून नाही.)

३० नोव्हेंबर

ठरली. २६ इंची चाकं, १६ इंची फ्रेम, वरचा दांडा खाली झुकलेला, ६९ सेंटिमीटरवर. मागच्या चाकात २५० वॅट मोटर, ३६ व्होल्ट ७.८ची काढता येणारी बॅटरी, सात गिअर, दोन्हीकडे तारेचे डिस्क ब्रेक. ३३,५०० रुपये. नाव लिहीत नाही. याच नावाखाली पुढच्या वर्षी दुसरी मोटर आणि दुसरी बॅटरी येईल. मापं टिकतात, म्हणून मापं लिहिली.

उरलेले साडेअकरा हजार बदलांसाठी राखून ठेवलेत. ४४ हजारांची सायकल घेऊन ती आहे तशी सोसण्यापेक्षा ही वाटणी मला पटते. यांना पटलेली नाही. "नवी गोष्ट आणायची आणि लगेच खोलायची?"

७ डिसेंबर

पहिली फेरी, पाटाच्या कडेने. कारखाने सुरू आहेत, त्यामुळे भरावावर उसाच्या बैलगाड्या आणि पाचटाचा सडा. मोटरच्या मदतीच्या दुसऱ्या पायरीवर ताशी १५ने आरामात. हे पुढे असायचे ते आज शेजारी होते.

अडचणी नोंदवते. एक, वितरिकेच्या फाट्यावर छोटा चढ आहे, तिथं सगळ्यात हलक्या गिअरवरही पेडल जड. दोन, मनगटं दुखली. तीन, सस्पेन्शन असूनही दगडावर दणके बसतात.

तिसऱ्याचा लगेच छडा लावला. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या चकचकीत नळीला एक केबल टाय बांधला आणि फेरीनंतर तो किती सरकला ते मोजलं. शंभर मिलिमीटर चालणारा फोर्क जेमतेम तीस चालला होता. स्प्रिंग ऐंशी किलोच्या स्वारासाठी आहे, माझ्या वजनाला तो दबतच नाही. वरची घुंडी पूर्ण सैल केली. थोडा फरक पडला. माझ्यासाठी खरं सस्पेन्शन टायरच असणार.

१४ डिसेंबर

आजची नोंद लांबणार, कारण या सायकलीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम आज झालं.

पुढची चकती ४२ दात्यांची, मागची सगळ्यात मोठी २८. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचे दीड, म्हणजे तीन मीटरच्या वर. मिनिटाला ६० फेरे हा गुडघ्याला मानवणारा वेग धरला, तर सगळ्यात हलक्या गिअरवरही सायकल ताशी ११ने गेली पाहिजे. चढावर मी ८ने जाते. म्हणजे पेडल मिनिटाला ४३ फेऱ्यांवर येतं, दर फेऱ्याला गुडघ्यावर जास्त दाब, आणि वर मोटरही मंद फिरून तापते. ई-सायकल असूनही गुडघा दुखतो असं म्हणणाऱ्या कितीतरी लोकांचं दुखणं इथं आहे. मोटर वाढवून ते जात नाही.

मागे १४ ते ३४ दात्यांची फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच) आणि पुढे ३४ची चकती. आता हलक्या गिअरवर एका फेऱ्याला चाकाचा एकच फेरा. ६० फेऱ्यांना ताशी साडेसात. वरच्या टोकाला काय गमावलं? काहीच नाही. सगळ्यात जड गिअरवर ताशी २५ गाठायला ८३ फेरे लागतात, आणि २५च्या पुढे मोटर तशीही साथ सोडते. मूळचा तो ४२ दात्यांचा जड गिअर कुणासाठी होता कोण जाणे.

गावातले सायकलमिस्त्री आधी हात लावायला तयार नव्हते. "मोटरीचं आपल्याला काय कळत नाय, बाई." मग चाक उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "पण चाक ते चाकच." मोटरपासून येणारी तार जिथं जोडलेली असते तो जोड ओढून निघतो; त्यावरचे बाण समोरासमोर धरून परत बसवायचा, पिळायचा नाही. आसाचे नट १८ नंबरचे. मिस्त्रींनी मोटरकडे पाठ फिरवून फ्रीव्हील बदलली, साखळीच्या कड्या कमी केल्या, गिअर लावून दिले.

संध्याकाळी घरी आणली तर मोटर मध्येच लागते, मध्येच बंद. नवा क्रँक (पेडलचा हात) बसवताना पेडलच्या आसावरची चुंबकांची चकती जराशी बाहेर सरकली होती. सेन्सर आणि चुंबकात तीनेक मिलिमीटरहून जास्त अंतर पडलं की पेडल फिरतंय हे त्याला कळत नाही. चकती आत दाबली, चालू. ज्याला कंपनीच्या दुकानात 'कंट्रोलर गेला' म्हणतील अशा तक्रारींत आधी ही चकती बघावी.

मनगटांसाठी हँडल चार सेंटिमीटर वर उचललं, ब्रेकचे लिव्हर आत सरकवून खाली वळवले. माझी बोटं आखूड. लिव्हरवर एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. हे फुकट आहे आणि कुणीही करून देत नाही.

२५ डिसेंबर

सुट्टी, आणि सराटे. पाटाच्या कडेला वाळलेले सराटे इतके की मागच्या टायरला हात लावला तर तळवा टोचला. वर बाभळीचे काटे. मोटरच्या चाकाचं पंक्चर रस्त्यात काढणं म्हणजे तार सोडा, नट सोडा, जड चाक उचला. हे करता येतं (१८चा पाना आता पिशवीत असतो), पण टाळलेलं बरं.

बरोबर आलेले टायर पावणेदोन इंची, वर ५० पीएसआय हवा भरून दिलेले. आता २.१ इंचीचे खरबरीत टायर, ट्यूबमध्ये सीलंट. हवा पुढे २८, मागे ३२. मागे मोटर आणि बॅटरीचं वजन म्हणून थोडी जास्त. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरलीच पाहिजे असं नाही. दगडावरचे दणके निम्म्याने गेले. फोर्कसाठी केलेल्या सगळ्या खटपटीपेक्षा हवा कमी केल्याचा गुण जास्त आला.

सीलंटमुळे काटा उपसल्यावर हिरवट थेंब येतो, चाक दोनदा फिरवलं की भोक बुजतं. बाभळीच्या मोठ्या काट्याला मात्र त्याचा भरवसा नाही.

११ जानेवारी २०२६

गिरवीच्या पुढे धुमाळवाडीच्या बाजूला. या दिवसांत धबधबा नसतो, त्यामुळे गर्दीही नसते. शेवटचा चढ सुट्या मुरुमाचा. मदत तिसऱ्यावर ठेवली आणि मागचं चाक जागीच फिरलं. सेन्सर उशिरा जागा होतो आणि मग सगळा जोर एकदम. पहिल्यावर आणली, सीटवर जरा मागे सरकून बसले, पेडल गोल आणि सलग. चढली. सुट्या मातीवर कमी मदत जास्त कामाला येते.

उतारावर वजन कळतं. हे साध्या सायकलवर जिथं दोन बोटांनी ब्रेक मारतात तिथं मला पूर्ण मूठ लागते. तारेचे डिस्क ब्रेक चालतात, पण तार ताणते; दर दोन-तीन फेऱ्यांनी पिळी फिरवून घ्यावी लागते. बजेट वाढलंच असतं तर मी मोठी बॅटरी घेतली नसती, तेलाचे ब्रेक घेतले असते.

वाटेत मेंढरं. धनगरांची कुत्री सायकलमागे लागतात, त्यांना मोटरशी देणंघेणं नाही. उतरून चालत जायचं. 'वॉक' बटण दाबलं की सायकल आपल्या पावलाच्या वेगाने स्वतः चालते. हे बटण मी दुकानात फालतू समजून हसण्यावारी नेलं होतं.

गुडघा संध्याकाळी शांत होता, दुसऱ्या दिवशीही.

८ फेब्रुवारी

खर्च. सायकल ३३,५००. फ्रीव्हील ८५०, क्रँक-चकती १,४००, दोन टायर २,२००, सीलंट ५००, रुंद सीट ९००, हँडल उचलायचा तुकडा ६००, हेल्मेट १,८००, पंप-पाने-पंक्चरचं सामान ७००. एकूण ४२,४५०. मिस्त्रींनी मजुरी सांगितली ती इतकी कमी होती की लिहायला लाज वाटते, जास्त दिली.

रुंद सीट मात्र फुकट गेली. मऊ आणि रुंद म्हणजे आरामशीर, हे अर्ध्या तासापुरतं खरं. पुढे ती मांड्यांना घासते. मूळची अरुंद सीट परत लावली, टोक एक अंश खाली.

बॅटरी: गिरवीची फेरी करून आल्यावर पाचपैकी दोन कांड्या उरतात, म्हणजे नोव्हेंबरचा हिशेब जागेवर आहे. आल्याआल्या चार्जिंगला लावत नाही, थंड होऊ देते. दोन अँपिअरच्या चार्जरला रिकामी बॅटरी भरायला चार तास. आठवडाभर बाहेर पडायचं नसेल तर अर्धी भरलेली ठेवायची. लिथियम बॅटरीला भरून पडून राहणं आणि ऊन, दोन्ही सोसत नाही. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून तिची जागा पत्र्याच्या शेडमधून उचलून मधल्या खोलीत, जमिनीलगत.

२२ फेब्रुवारी

मागच्या चाकातून करकर. मोटर नव्हे, स्पोक. मोटरच्या चाकाच्या तारा पहिल्या शे-दीडशे किलोमीटरनंतर सैल पडतात, त्या एकदा कसून घ्याव्या लागतात. मिस्त्रींनी चाक फिरवून, तारा वाजवून, पंधरा मिनिटांत सरळ केलं. आता ते स्वतःच विचारतात, मोटर आतून कशी असते.

मागचे ब्रेक पॅड निम्मे झिजलेत. पॅडचा आकार फोटो काढून पुण्याला पाठवलाय, दोन जोड मागवलेत. हे आज म्हणाले, तुझी जरा चालवून बघू का? दांडा त्यांना फार खाली पडतो, गुडघे हँडलला लागतात. तरी पाटापर्यंत जाऊन आले, तिसऱ्या मदतीवर.